वसईच्या किल्ल्यांत एका गुरूची आठवण

वसईचा किल्ला आम्हीं पूर्वीं तीन वेळां पाहिला होता, आणि तिन्ही वेळां तो चिमाजी आप्पांचा किल्ला म्हणूनच पाहिला होता. महाराष्ट्रांत वाढलेल्या मनुष्याचें असेंच होतें. १७३९ च्या मे महिन्यांत मराठ्यांनीं हा किल्ला पोर्तुगीजांपासून घेतला, ही एकच गोष्ट मनांत एवढी जागा अडवून बसलेली असते कीं, याच तटाच्या आंत पुढें त्रेसष्ट वर्षांनीं दुसरेंहि कांहीं घडलें, हें आठवण्यास मुद्दाम प्रयत्न करावा लागतो. या खेपेस तो प्रयत्न करावयाचा असें आम्हीं ठरविलें, आणि त्याकरितां ३१ डिसेंबर हाच दिवस निवडला. १८०२ सालीं याच तारखेस दुसऱ्या बाजीरावानें वसईस इंग्रजांशीं तह केला. जयाच्या जागीं मनुष्य हौसेनें जातो. पराजयाच्या जागीं एकदां तरी समजून उमजून जाऊन यावें, एवढाच आमचा हेतु होता. पण आम्ही गेलों एका गोष्टीसाठीं आणि चित्त गुंतलें दुसरींत. त्याला कारण आमच्या भाचीचा मुलगा.

भाची विरारास राहते. आमच्या तरुणपणीं विरार हें लोकलच्या पाटीवर वाचावयाचें नांव होतें. तेथें कोणी आप्त असावा अशी कल्पनाहि मनांत येत नसे. आज वसई–विरार ही २००९ पासून महानगरपालिका आहे, २०१४ पासून तिला पालघर हा स्वतंत्र जिल्हा लाभला आहे, आणि भाचीचें बिऱ्हाड सातव्या मजल्यावर आहे. आदल्या रात्रीं मुक्कामास गेलों तों तिचा अकरा वर्षांचा चिरंजीव पांढरा अंगरखा घालून, कमरेस हिरवा पट्टा आंवळून, दिवाणखान्याच्या मध्यभागीं हवेंत लाथा झाडीत होता. तोंडानें मोजणी चालली होती, «हाना, दुल, सेत, नेत.» ही कोठली भाषा म्हणून विचारलें, तेव्हां तो थांबला, ताठ उभा राहून कमरेंत वांकला, आणि म्हणाला, «कोरियन, आजोबा. तायक्वांदो.»

मग त्यानें आम्हांस जें ऐकविलें तें ऐकून आम्ही थक्क झालों. तायक्वांदो हें नांव १९५५ सालीं ठरलें. तें सुचविणारे जनरल चोई होंग-ही. त्यांचा जन्म १९१८ चा. विद्यार्थिदशेंत ते जपानांत असतां कराटे शिकले. १९६६ मध्यें त्यांनीं सेऊल येथें आंतरराष्ट्रीय संघ काढला. १९७२ मध्यें मायदेश सोडून ते कॅनडांत गेले. आणि २००२ सालीं वारले. «सरांनीं आम्हांला हें सगळं पाठ करायला लावलं आहे. परीक्षेंत विचारतात.» पुढें २००० सालच्या सिडनी येथील ऑलिंपिकांत तायक्वांदो पदकाचा खेळ झाला, तो मात्र दुसऱ्या संघाच्या नियमांनीं, म्हणजे गुरुघराण्यांतील भांडणें कोरियांतहि आहेत, हें ऐकून आम्हांस जरासें आपल्याच लोकांत आल्यासारखें वाटलें. परंतु विरारच्या सातव्या मजल्यावरील एका मुलास पांच हजार किलोमीटरांवरच्या गुरूचें चरित्र तोंडपाठ असावें, ही गोष्ट कांहीं लहान नव्हे.

भाची स्वयंपाकघरांतून म्हणाली, «मामा, हा आधीं शाळेंत मल्लखांबाला जात होता बरं का. एकदां वरून खालीं आला, हात दुखावला. मग मींच बंद केलं. इकडे निदान मऊ चटई असते, परीक्षा असते, पट्टा मिळतो.» तिच्या बोलण्यांत खोटें कांहीं नव्हतें. मल्लखांबाला पट्टा नाहीं. मिळालेंच तर अंगाला एरंडेल मिळतें, आणि तें धुतांना घरच्या मंडळींची कुरकुर मिळते.

जेवणें झाल्यावर मुलगा आमच्यापाशीं येऊन बसला व हळूच म्हणाला, «आजोबा, मल्लखांबाचे जनरल चोई कोण?»

आम्हीं नांव सांगितलें, «बाळंभटदादा देवधर.»

«त्यांचा फोटो आहे?»

«फोटो काढण्याची विद्या जगांत निघाली तेव्हां ते म्हातारपणाकडे झुकले होते.»

«मग त्यांचं काय पाठ करायचं?»

या प्रश्नास रात्रीं दहा वाजतां उत्तर देणें आम्हांस जमलें नाहीं. उद्यां आमच्याबरोबर किल्ल्यांत चल, तेथें सांगतों, असें म्हणून वेळ मारून नेली; आणि अंथरुणावर पडल्यावर ध्यानांत आलें कीं, वेळ मारून नेण्यासाठीं बोललों तें शब्दशः खरें होतें. बाळंभटदादा ज्याच्या पदरीं होते, तो धनी दुसरा बाजीराव. त्याच्या राज्याचा शेवट जेथें सुरू झाला, तेथेंच आम्ही निघालों होतों.

सकाळीं दडपे पोहे खाऊन आम्ही आजा-नातू निघालों. विरारहून वसई रोड हीं दोनच स्टेशनें. मध्यें एक नालासोपारा, जेथें अशोकाचे लेख सांपडले तें प्राचीन शूर्पारक. मुलानें त्या बाजूस पाहिलेंहि नाहीं. दारापाशीं उभ्या असलेल्या गर्दीत आपला पाय कोठें टेकवावा या विवंचनेंत तो होता, आणि आम्हीहि. वसई रोडला उतरून बस धरली. माणिकपूरची नवी वस्ती मागें पडली आणि वसई गांव लागलें तशी हवाच बदलली. दोहों बाजूंस वाड्या, नारळ, केळी, पोफळी, मधूनच पांढरी चर्चें, विहिरीवरचे पंप. आणि वाऱ्यांत खाडीचा खारट वास. ही हिरवळ पूर्वींच्या मानानें निम्मीहि उरली नाहीं, असें तेथले लोक सांगतात. आम्हांस मात्र मुंबईकडून आल्यामुळें तेवढीहि पुष्कळ वाटली.

किल्ल्यांत पाऊल ठेवल्यावर प्रथम दिसले ते छायाचित्रकार. लग्न ठरलेलीं जोडपीं हल्लीं भग्न चर्चांच्या कमानींखालीं उभीं राहून चित्रें काढून घेतात. एका नियोजित वधूचा तलम झगा दोघीजणी मागून उचलून धरीत होत्या. १५३४ सालीं गुजराथच्या बहादुरशहानें वसई पोर्तुगीजांस दिली, आणि पुढें दोनशें वर्षांहून अधिक काळ त्यांनीं येथें एक संपूर्ण शहर नांदविलें. त्या शहरांतील चर्चें, मठ, वाडे यांचीं छपरें केव्हांच गेलीं. भिंतींतून पिंपळाचीं मुळें उतरलीं आहेत. याच वसईंत जन्मलेले गोन्सालो गार्सिया पुढें पूर्वेकडील समुद्र ओलांडून जपानांत गेले, व १५९७ सालीं नागासाकी येथें धर्मासाठीं क्रुसावर मेले. ख्रिस्ती लोक त्यांस संत मानतात. मुलास हें सांगितलें तेव्हां त्यानें विचारलें, «मग ते कराटे शिकले असतील?» त्याच्या मनांत एकच विषय घोळत होता.

चिमाजी आप्पांच्या पुतळ्यास नमस्कार करून आम्ही समुद्राच्या दरवाज्याकडे वळलों. वाटेंत नागेश्वराचें देऊळ आहे. त्याच्या पायरीवर बसलों. येथें आम्ही ज्याकरितां आलों होतों तें बोलणें भाग होतें.

१८०२ च्या ऑक्टोबरच्या २५ तारखेस, ऐन दिवाळींत, यशवंतराव होळकरांनीं हडपसराजवळ पेशव्यांच्या व शिंद्यांच्या फौजेचा मोड केला. बाजीराव पुण्यांतून निघाला तो सिंहगडाकडून कोंकणांत उतरला आणि समुद्रमार्गें डिसेंबरांत वसईस पोंचला. येथें कर्नल बॅरी क्लोज याच्याशीं बोलणें होऊन तह झाला. इंग्रजांची सहा पलटणें, म्हणजे सुमारें सहा हजार पायदळ, कायमचें आपल्या मुलखांत ठेवावें. त्यांच्या खर्चासाठीं सव्वीस लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यावा. निजामाशीं व गायकवाडांशीं तंटा पडल्यास इंग्रजांचा निवाडा मानावा. परराज्याशीं बोलणें त्यांच्या संमतीवांचून करूं नये. १३ मे १८०३ रोजीं बाजीराव इंग्रजी फौजेच्या आश्रयानें पुन्हां पुण्यांत आला व गादीवर बसला. गादी होती, परंतु तिच्याखालचा जोता येथें वसईस विकला गेला होता. पुढचीं पंधरा वर्षें केवळ भिंती उभ्या होत्या. ज्या आप्पांनीं तोफांच्या माऱ्यांत, सुरुंगांच्या धुरांत हा किल्ला घेतला त्यांच्याच नातवानें... हो, बाजीराव हा त्यांच्या पुतण्याचा, म्हणजे राघोबादादांचा मुलगा, नात्यानें चुलतनातूच. इतिहास कधीं कधीं फार निर्दयपणें जागा निवडतो.

«पळपुटा बाजीराव,» मुलगा म्हणाला. शाळेंत शिकविलेलें असतें तें.

«हो. आणि त्याच पळपुट्याच्या पदरीं बाळंभटदादा होते.»

ही गोष्ट सांगतात ती अशी. बाजीरावाच्या कारकीर्दींत निजामाच्या मुलखांतून अली आणि गुलाब नांवाचे दोन नामांकित मल्ल पुण्यास आले. त्यांचें मागणें असें कीं, आमच्याशीं लढावयास कोणी द्यावा, नाहीं तर आम्ही जिंकलों म्हणून पत्र लिहून द्यावें. त्यांचीं धिप्पाड शरीरें पाहून दरबारचे जेठी पुढें होईनात. तेव्हां एक कोंवळा ब्राह्मण तरुण उठला, आणि कांहीं दिवसांची मुदत मिळाल्यास मी लढतों, म्हणाला. मुदत मिळाली. तो थेट नाशकापलीकडे वणीच्या सप्तशृंगी देवीकडे गेला व अनुष्ठानास बसला. देवीनें प्रसन्न होऊन त्याला मारुतीकडे सोंपविलें. आणि मारुतिरायानें वानररूपानें एका लांकडी खांबावर चढून, उतरून, त्याला वेढे घालून, कुस्तीचे डाव दाखविले. तरुण पुण्यास परत आला, त्यानें अलीस चीत केलें, आणि तें पाहून गुलाबानें लढण्याचें नाकारलें.

वसईहून वणी दूर खरी, परंतु या दोन गांवांस जोडणारी एक वस्तु वाटेवर आहे. मराठ्यांनीं वसई घेतल्यावर येथल्या चर्चांतील घंटा देशावरच्या देवळांत गेल्या. नाशकास गोदेच्या कांठीं नारोशंकराच्या देवळावर टांगलेली प्रचंड घंटा वसईची म्हणून प्रसिद्ध आहे, आणि तीवर १७२१ हा सनहि आहे. तो तरुण नाशकावरून वणीस गेला असेल तर ती घंटा त्याच्या डोक्यावर असणारच. गडावर आम्हीहि एकदां गेलों आहों. डोंगराच्या कड्यांत कोरलेली, शेंदरानें माखलेली, आठ फुटांच्या वर उंचीची ती अठरा हातांची मूर्ति. प्रत्येक हातांत निराळें आयुध. बळ मागावयास निघालेल्या मुलानें इतर कोणत्याहि देवतेपेक्षां हिच्याकडे जावें, हें आम्हांस अगदीं स्वाभाविक वाटतें. २०२२ सालीं शेंदराचे जुने थर काढल्यावर त्याखालीं मूळ दगडांतील रेखीव मुखावयव दिसूं लागले. बाळंभटांनीं पाहिलें तें रूप शेंदराचें असेल कीं दगडाचें, याचा विचार आमच्या मनांत बराच वेळ रेंगाळला.

मुलगा मात्र शंकेखोर निघाला. «मारुति खरोखर आला होता?»

आम्हीं त्यास सांगितलें तें वाचकांसहि सांगतों. मल्लस्तंभ हा शब्द बाराव्या शतकांत चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथांत आलेला आहे. तेव्हां खांबावर व्यायाम करणें ही बाळंभटांच्या आधीं सातशें वर्षांची गोष्ट. त्या मुलानें नवें काय केलें? त्याच्यापुढें अडचण अशी होती कीं, प्रतिस्पर्धी दुप्पट जड, दिवस मोजके, आणि ज्याच्याशीं सराव करावा असा तोलाचा गडी जवळ नाहीं. त्यानें प्रतिस्पर्धी खांबांत पाहिला. खांब हलत नाहीं, थकत नाहीं, दया करीत नाहीं. त्यास धरावयाचें तर आपणच वळलें पाहिजे, आपणच वांकलें पाहिजे. गुळगुळीत लांकूड, त्यावर तेल. पकड जरा ढिली पडली कीं खालीं. मांडीचा, पोटरीचा, बगलेचा, अंगठ्याचा उपयोग मनुष्यास तेथें पहिल्यानें कळतो. वानरें झाडावर हेंच करीत असतात. ज्याला बघावयाची दृष्टि होती त्याला वणीच्या रानांत गुरु भेटला. तो मारुति होता असें त्यानें म्हटलें असेल तर त्यांत खोटें काय आहे?

अढी, तेढी, बगली, दसरंग, फिरकी, सुईदोरा, वेल, ताजवा, फरारा, हीं मल्लखांबावरील प्रकारांचीं नांवें आहेत. मराठी भाषेंत इतकीं हलकीं, इतकीं हालतीं नांवें फारशीं नाहींत. वेल म्हणजे खरोखरच वेल. शरीर खांबाभोंवतीं फिरत फिरत वर चढतें. सुईदोरा म्हणजे हातांच्या कड्यांतून पाय ओवून घेणें. हीं नांवें एका बैठकींत एका मनुष्यानें ठेवलीं असतील असें नाहीं. परंतु शिष्यास सांगावयाचें, त्याच्याकडून करवून घ्यावयाचें, चुकलें तर पुन्हां सांगावयाचें, अशा वहिवाटीशिवाय अशीं नांवें भाषेंत रुजत नाहींत. आमच्या मतें बाळंभटदादांचें मोठेपण अलीच्या कुस्तींत नाहीं. एक कुस्ती जिंकणारे मल्ल महाराष्ट्रांत शेंकडों होऊन गेले. बाळंभट जिंकल्यावर शिकवावयास बसले, हें त्यांचें मोठेपण.

आणि शिकवावयास बसले तें कसल्या काळांत! ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं खडकीची लढाई झाली. ३ जून १८१८ रोजीं बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला. सालीना आठ लाखांचा तनखा घेऊन त्यानें कानपुराजवळ गंगेकांठीं ब्रह्मावर्तास राहावें असें ठरलें, आणि २८ जानेवारी १८५१ ला तेथेंच तो वारला. त्याच्याबरोबर शेंकडों मराठी कुटुंबें उत्तरेंत गेलीं. ज्या दरबारांत मल्लांस मान होता तो दरबार संपला. ज्या फौजेकरितां अंग कमवावयाचें ती फौज मोडली. बाळंभटदादा व त्यांचे शिष्य याच ओघांत ब्रह्मावर्तास व काशीस गेले. त्यांचे पट्टशिष्य कोंडभटनाना गोडबोले यांनीं काशीस आखाडा चालविला, आणि तेथून शिष्यांच्या रांगा लागल्या. दामोदरगुरु मोघे नांवाच्या एका शिष्याची गोष्ट सांगतात कीं, तो लहानपणीं पाठीस कुबड असलेला मुलगा होता, आणि कोंडभटनानांनीं त्याच्याकडून मल्लखांब करवून ती पाठ सरळ केली. तोच पुढें गुरु झाला. लांकडी खांबाच्या जोडीला वेत टांगून त्यावर करावयाचा मल्लखांबहि याच परंपरेंतला. चांगला वेत मिळेनासा झाला तसा त्याच्या जागीं दोर आला, आणि आज शाळाशाळांतून मुली ज्या दोरीवर लीलेनें आसनें करितात ती हीच.

झांशीची राणी लक्ष्मीबाई लहानपणीं ब्रह्मावर्तास बाळंभटदादांजवळ शिकली असेंहि सांगण्याची वहिवाट आहे. आम्हांस ती गोष्ट आवडते, म्हणूनच तिच्यावर आम्ही भार घालीत नाहीं. एखाद्या गुरूबद्दल आपणांस आदर वाटूं लागला म्हणजे त्या काळचीं सगळीं मोठीं माणसें आपण त्याच्या आखाड्यांत आणून बसवितों. बाळंभटांस अशा उसन्या शिष्यांची गरज नाहीं.

पायरीवर ऊन आलें म्हणून आम्ही उठलों आणि समुद्राच्या दरवाज्यांतून बाहेर किल्ला बंदराच्या धक्क्याकडे गेलों. कोळ्यांच्या होड्या लागल्या होत्या, बांबूंच्या वलांड्यांवर बोंबील वाळत होते, आणि पलीकडे भाईंदरचा किनारा धुरकट दिसत होता. नववर्षाच्या मौजेसाठीं निघालेल्या तरुणांची एक टोळी मोठमोठ्यानें गाणीं लावून चालली होती. बाजीराव आला तो याच बाजूच्या पाण्यावरून. मुलानें विचारलें, «आजोबा, राज्य गेलं, मग मल्लखांब कसा राहिला?»

खरें सांगावयाचें तर हाच प्रश्न आम्हीहि सकाळपासून मनांत घोळवीत होतों. कुस्तीला दुसरा मल्ल लागतो, राजा लागतो, हौद लागतो, खुराकास पैसा लागतो. मल्लखांबास एक सागाचा किंवा शिसवाचा खांब पुरतो, आणि ज्याच्याजवळ तेवढेंहि नाहीं त्याला टांगलेला वेत चालतो. जो विद्यार्थी एकटा आहे, परमुलुखांत आहे, ज्याला जोडीदार नाहीं आणि धनीहि नाहीं, त्यालाहि ती विद्या करितां येते. अडचणींत सांपडलेल्या एका मुलानें ती आपल्या अडचणीच्या मापाची घडविली होती. पुढें सगळा समाजच त्या अडचणींत सांपडला, तेव्हां ती त्यास बरोबर बसली. तहाच्या कलमांत मुलूख तोडून देतां येतो. पोटरीची पकड तोडून देतां येत नाहीं. जनरल चोई देश सोडून गेले तेव्हां आपली विद्या त्यांनीं जशी अंगांतून नेली, तशीच बाळंभटांनीं ती पुण्याहून गंगेकांठीं नेली असणार. मुलाला ही तुलना एकदम पटली. «म्हणजे ते पण कॅनडाला गेले,» तो म्हणाला.

पुढची हकीकत आम्हीं धक्क्यावर उभ्या उभ्याच सांगितली. बडोद्यास प्रोफेसर माणिकराव यांनीं आपले मुसलमान उस्ताद जुम्मादादा यांचें नांव आपल्या व्यायाममंदिरास दिलें. त्याच बडोद्यांत द. चिं. मुजुमदार यांनीं व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड काढले, आणि तोंडीं चाललेली कितीएक माहिती तेव्हां प्रथम कागदावर उतरली. अमरावतीस वैद्य बंधूंनीं १९१४ मध्यें सुरू केलेल्या हनुमान आखाड्याचीं मुलें १९३६ सालीं बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळीं जाऊन आपले खेळ दाखवून आलीं. दादरला काळे गुरुजींनीं १९२५ मध्यें समर्थ व्यायाम मंदिर स्थापिलें. त्याच मंदिरांतील उदय देशपांडे यांस २०२४ सालीं पद्मश्री मिळाली, आणि २०१९ च्या फेब्रुवारींत शिवाजी पार्कवर मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा भरली तेव्हां सुमारें पंधरा देशांचीं मुलें आलीं होतीं. मध्यप्रदेशानें २०१३ मध्यें मल्लखांबास राज्याचा खेळ म्हणून मान दिला. महाराष्ट्रांतील कित्येक घरांस मात्र अद्याप तो शाळेच्या संमेलनांतील एक मनोरा एवढाच ठाऊक आहे.

इतकें सांगून झाल्यावर मुलानें असा प्रश्न केला कीं, आमची सगळी व्याख्यानबाजी तेथेंच थांबली. «आजोबा, तुम्हीं केला होता ना मल्लखांब? तुमचे सर कोण?»

आमच्या गांवीं मारुतीच्या देवळामागें एक तालीम होती. पहाटे पांचला तेथें एक मास्तर येत. उंचीनें बेताचे, एका पायानें किंचित् लंगडत. दिवसा ते कोठेंतरी कारकुनी करीत. आम्ही पंचवीसएक मुलें त्यांच्या हाताखालीं होतों. अढी घालतांना भीतीनें डोळे मिटले म्हणजे ते खालून म्हणत, «खांब बघतोय तुझ्याकडे, तूं कुठं बघतोयस?» वरून पडलेल्या मुलास त्यांनीं दोन्ही हातांवर झेलल्याचें आम्हीं अनेकदां पाहिलें आहे, एकदां झेललेला मुलगा आम्हीच होतों. पैसा त्यांनीं कोणाकडून घेतल्याचें स्मरत नाहीं. आम्ही त्यांस मास्तर म्हणत असूं. मास्तर या शब्दापुढें नांव असतें, आणि तें विचारावयाचें असतें, हें आम्हांस पांच वर्षांत सुचलें नाहीं. त्यांचे गुरु कोण, त्यांचे गुरु कोठले, ती रांग मागें काशीपर्यंत जात होती कीं बडोद्यापर्यंत, हें एका वाक्यांत कळण्यासारखें होतें. तें वाक्य आम्हीं विचारलें नाहीं. विरारच्या मुलाला जनरल चोईंची जन्मतारीख पाठ आहे, कारण त्याच्या सरांनीं ती पाठ करून घेतली. आम्हीं मुलास सांगितलें, «तुझ्या सरांना माझा नमस्कार सांग.» त्याला त्याचें कारण समजलें नाहीं; त्यानें मान डोलावली.

परतीच्या वाटेवर सुकेळीं घ्यावयाचीं होतीं. वसईचीं सुकेळीं, राजेळी केळीं उन्हांत वाळवून केलेलीं, आतां पूर्वीसारखीं दारोदार मिळत नाहींत. विचारीत विचारीत एका वाडींत शिरलों. घरधनीण आजीबाई पडवींत बसून पानें निवडीत होत्या. त्यांनीं आंतून पुडा आणला, भाव सांगितला, आणि आम्हीं मुलुखावेगळा भाव म्हणून थोडी कुरकुर करीत असतां मागें मुलगा नाहींसा झाला. पाहतों तों विहिरीजवळच्या पोफळीखालीं त्याचे बूट व्यवस्थित जोडीनें ठेवलेले, आणि तो स्वतः जमिनीपासून सात-आठ हात उंचीवर. दोन्ही पाय बुंध्याभोंवतीं घट्ट, एक हात सुटा, आणि मान आमच्याकडे वळवलेली.

«अरे ए पोरा, उतर! पोफळ मोडेल!» आजीबाई ओरडल्या.

«अढी आहे ही, आजोबा,» तो वरून म्हणाला. «अजून येते.»

तो घसरत खालीं आला. गुडघ्याजवळ सालटें गेलें होतें आणि सदऱ्यावर पोफळीचा हिरवट डाग उठला होता. आजीबाईंनीं त्याला आधीं रागावून घेतलें, मग विहिरीच्या पाण्यानें त्याचा गुडघा स्वतः धुतला. बूट घालतां घालतां तो म्हणाला, «आईला सांगूं नका हं.» आम्हीं सुकेळ्यांचे पैसे, त्या मागत होत्या त्याच भावानें, देऊन टाकले, आणि बस पकडावयास निघालों.